बेडकाची नोंद कोणत्या खात्यावर?



मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की खर्ड्याच्या शिवारात त्याच रात्री गलका सुरू होतो. ओढ्याच्या काठी, बांधालगतच्या डबक्यात, किल्ल्याच्या आसपास साचलेल्या पाण्यात, वस्तीच्या मागच्या खड्ड्यात, सगळीकडून आवाज. पोरे विचारतात, हे काय ओरडते? आपण सांगतो, बेडूक. झाले, विषय संपला. आठ महिने सुन्या पडलेल्या रानात एका रात्रीत एवढे जीव कुठून आले आणि ते सगळे एकाच प्रकारचे आहेत का, हे आपण विचारीत नाही.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. शिक्षण वाणिज्य शाखेचे. प्राणिशास्त्राचा अधिकार आम्ही सांगणार नाही. पण नोंद चुकली म्हणजे काय होते, हे कारकुनाइतके कोणाला ठाऊक असणार? एखाद्या म्हातारीचा निराधार पगाराचा अर्ज भलत्या फायलीत लागला, तर म्हातारी दारात उभी असूनही कागदावर ती नसते. जी कागदावर नाही तिला पगार नाही. प्राण्यांचेही तसेच आहे. ज्याची नोंद चुकीच्या खात्यावर पडली, तो काठीखाली मरतो. ज्याची नोंदच नाही, तो नाहीसा झाला तरी कोणाला कळत नाही. म्हणून या वेळी आम्ही बेडकांचे आणि त्यांच्या भाऊबंदांचे खाते उघडून पाहणार आहोत.

एक वर्ग, तीन घरे

बेडूक ज्या वर्गात मोडतो त्याला उभयचर म्हणतात. उभयचर म्हणजे दोन्हीकडे राहणारा, पाण्यात आणि जमिनीवर. अंड्याला कोंबडीच्या अंड्यासारखे कवच नाही, म्हणून ते पाण्यात किंवा ओलीतच टिकते. बहुतेकांची पिल्ले आधी पाण्यात माशासारखी कल्ल्यांनी श्वास घेतात, मग त्यांना पाय फुटतात आणि ती बाहेर येतात. डबक्यातल्या त्या काळ्या शेपटीवाल्या पिल्लांना आपण बेडूकमासे म्हणतो. पण ते मासे नव्हेत, बेडकाचे बालपण आहे. मोठेपणी अंगाची कातडी पातळ आणि बहुतेकांची ओलसर. बेडूक फुप्फुसांनी श्वास घेतो, तसा कातडीतूनही घेतो. तोंडाने तो पाणी पीत नाही, कातडीनेच शोषतो. ही कातडीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

जगात उभयचरांच्या आठ हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांची तीन घरे आहेत. पहिले घर बिनशेपटीच्यांचे, म्हणजे बेडकांचे. दहांतले जवळजवळ नऊ उभयचर याच घरातले. दुसरे घर शेपटीवाल्यांचे, ते सॅलॅमँडर. चित्र दाखवले तर आपण त्याला पाल म्हणू. पण पालीची कातडी कोरडी आणि खवल्यांची, बोटांना नखे. सॅलॅमँडरची कातडी ओलसर, बिनखवल्यांची आणि बोटांना सहसा नखे नसतात. चीनमधला महाकाय सॅलॅमँडर जवळजवळ सहा फुटांपर्यंत वाढतो. सगळ्या उभयचरांत तोच मोठा. तिसरे घर बिनपायाच्यांचे. हे गांडुळासारखे दिसतात. मराठीत त्यांना देवगांडूळ असे नाव आहे.

आपल्या देशात उभयचरांच्या चारशेहून अधिक जाती आहेत. त्यांत सॅलॅमँडर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच, तेही दार्जिलिंग, सिक्कीम, अरुणाचल या डोंगराळ भागांत. दार्जिलिंग जिल्ह्यात जोरपोखरी येथे तर त्यांच्यासाठी अभयारण्य राखले आहे. महाराष्ट्रात सॅलॅमँडर नाही. आपल्याकडे दोनच घरे: बेडूक सर्वत्र, आणि देवगांडूळ सह्याद्रीत व कोकणात.

किळस हा पुरावा नव्हे

आता ही खाती कशी पडली ते पाहा. स्वीडनचे कार्ल लिनिअस हे आजच्या वर्गीकरणाचे जनक मानले जातात. प्रत्येक जिवाला दोन शब्दांचे नाव द्यायची रीत त्यांनी रूढ केली. प्राण्यांच्या नावांचा हिशोब आजही त्यांच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून धरतात. पण एवढ्या मोठ्या माणसाने बेडूक, साप, पाल, सरडा, कासव आणि काही मासेसुद्धा एकाच गाठोड्यात बांधले. वर शेरा मारला, की हे थंड अंगाचे, ओंगळ, किळसवाणे जीव आहेत. देवगांडुळाला त्यांनी सापांत घातले.

किळस ही पाहणाऱ्याच्या मनात असते. ज्याला पाहायचे, त्याच्या अंगात ती नसते. पुढच्या पिढीच्या अभ्यासकांनी चाकू आणि भिंग हातात घेतले. हाडे मोजली, अंडी पाहिली, पिल्लांचे कल्ले पाहिले. फ्रान्समध्ये १८०० साली ब्रोंन्यार यांनी बेडकांचा गट सरपटणाऱ्यांत वेगळा दाखवला आणि १८२५ साली लात्रेय यांनी उभयचरांचा स्वतंत्र वर्ग मांडला. देवगांडूळही सापाच्या खात्यातून निघून बेडकाच्या शेजारी आला. लिनिअस मोठे होते म्हणून त्यांची चूक कोणी पूजेला लावली नाही. पुरावा मिळाला तशी नोंद दुरुस्त झाली.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावी. मराठीत आपण बेडकांच्या 'जाती' म्हणतो, पण या जातींत कोणी वरचा नाही, कोणी खालचा नाही. हे खाते नाते सांगते, मान-अपमान सांगत नाही. माणसांच्या उतरंडीला जे लोक निसर्गाचा नियम म्हणत आले, त्यांना निसर्गाच्या वहीत असा एकही उतारा सापडणार नाही.

आपल्या रानातले सात

आपला जामखेड तालुका पर्जन्यछायेचा. इथे सह्याद्रीसारखी बारमाही ओल नाही. तरीही या कोरडवाहू पठारी मुलखात बेडकांचे किमान सात प्रकार नजरेला पडण्यासारखे आहेत. आम्ही त्यांची यादी करतो, आपण ओळख पटवून पाहा.

पहिला, खडबडीत अंगाचा. रात्री दिव्याच्या खांबाखाली बसून किडे टिपणारा. पुस्तकात याला भेक म्हणतात. डोळ्यांच्या मागे दोन फुगीर ग्रंथी असतात, त्यांतून दुधी विषारी रस निघतो. कुत्र्याने तोंडात धरला की फेस येतो तो त्यामुळे. याला हात लावला की चामखीळ उठते असे आयाबाया सांगतात, ते खरे नाही. चामखीळ विषाणूमुळे होते आणि ती माणसाकडून माणसाला लागते.

दुसरा, सगळ्यांत दांडगा. एरवी हिरवट-तपकिरी, पण पहिल्या पावसात नर पिवळाजर्द होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवून ओरडतो. इंग्रजीत त्याला बुलफ्रॉग म्हणतात.

तिसरा, विहिरीत आणि तळ्यात कडेला नुसते डोळे वर काढून बसलेला. दगड पडला की पाण्याच्या पृष्ठभागावरून टणाटण उड्या मारीत जातो, बुडत नाही.

चौथा, मातीत पुरून राहणारा. मागच्या पायाच्या तळव्याला फावड्यासारखा कडक उंचवटा असतो. त्याने माती उकरीत तो मागच्या मागे जमिनीत उतरतो. वर्षाचा बहुतेक काळ तो तिथेच असतो.

पाचवा, फुग्यासारखा गोल अंगाचा, बारीक तोंडाचा. हाही माती उकरतो. मुंग्या आणि वाळवी हे त्याचे मुख्य खाणे.

सहावा, अंगठ्याच्या नखाएवढा नाही तर जरा मोठा. आवाज मात्र असा की मोठे जनावर असावे.

सातवा, बोटांच्या टोकांना गोल गाद्या असलेला. भिंतीवर चढतो, ओलसर मोरीत येऊन बसतो. पाण्याच्या वर फांदीला किंवा टाकीच्या कडेला पांढऱ्या फेसाचे घरटे करून त्यात अंडी घालतो. पिल्ले तयार झाली की खाली पाण्यात पडतात.

आता हे सात किती घराण्यांचे? वरवर पाहणारा म्हणेल, चौथा आणि पाचवा भाऊ असणार. दोघेही गुबगुबीत, दोघेही माती उकरणारे. शास्त्र सांगते, नाही. दुसरा, तिसरा आणि चौथा हे एका कुळातले. म्हणजे दांडगा पिवळा, पाण्यावर पळणारा आणि मातीतला हे तिघे जवळचे भाऊबंद. पाचवा आणि सहावा दुसऱ्या कुळातले. पहिला तिसऱ्या, सातवा चौथ्या कुळातला. सात बेडूक, चार कुळे. सारखे काम पडले की शरीर सारखे घडते, पण तेवढ्याने नाते ठरत नाही. पुरी आणि पापड दोन्ही गोल, म्हणून पीठ एकच असते का?

एका रात्रीत एवढे जीव कुठून येतात, त्याचेही उत्तर इथेच मिळते. ते आभाळातून पडत नाहीत, कुठून चालत येत नाहीत. ते आपल्या पायाखालीच होते: जमिनीत, दगडाखाली, विहिरीच्या कपारीत. ओल मिळाली की वर येतात. नर ओरडतात, मादी आपल्याच जातीचा आवाज ओळखून येते. डबके आटायच्या आत अंड्यापासून चार पायांपर्यंत सारा प्रवास उरकायचा असतो. म्हणून ती घाई, म्हणून तो गलका.

नावे का बदलतात?

ज्यांची मुले आता कॉलेजात आहेत त्यांनी एक गंमत पाहावी. जुन्या पुस्तकांत पिवळ्या बेडकाचे शास्त्रीय नाव 'राना टिग्रिना' असे होते. आता ते 'होप्लोबॅट्रॅकस टायगरिनस' असे लिहितात. भेकाचे 'ब्यूफो' हे नाव जाऊन २००६ साली 'दत्ताफ्रायनस' हे नाव आले. हे नाव सुशील कुमार दत्ता या भारतीय अभ्यासकांच्या सन्मानार्थ ठेवले आहे. काहींना वाटेल, शास्त्रज्ञांचाच एकदा निर्णय होत नाही, मग आपण काय पाठ करायचे? पण पूर्वी नुसते अंग पाहून नाते ठरत असे. आता पेशीतल्या आनुवंशिक द्रव्याचा तपास करता येतो आणि आवाजाचा आलेख काढता येतो. नवा पुरावा आला की ताळेबंद पुन्हा लावायचा, हीच प्रामाणिक वहीची खूण.

या तपासातून महाराष्ट्रातच किती तरी नव्या नोंदी झाल्या. सिंधुदुर्गातल्या आंबोलीच्या भेकाला २००९ साली स्वतंत्र नाव मिळाले. अंगावर वाघासारखे पट्टे, म्हणून नावातच वाघ. आज तो जगातल्या अत्यंत संकटग्रस्त जिवांत गणला जातो. मातीत राहणाऱ्या बेडकांचा एक प्रकार २०१७ साली पुण्याच्या अभ्यासकांनी वेगळा काढला आणि पश्चिम भारतावरून त्याच्या नावात 'पश्चिमा' हा शब्द घातला. नाव मिळाले म्हणून त्यांची मोजदाद होऊ लागली. तोवर सारे नुसते 'बेडूक' होते.

तीन सारखे दिसणारे

चुकीच्या नोंदीचा खरा बळी देवगांडूळ. आपल्यातली पुष्कळ कुटुंबे कोकणात, साताऱ्याकडे कामाला जातात. त्यांनी हे नीट वाचावे. ओल्या मातीत, पालापाचोळ्याखाली, शेणखताच्या ढिगात काही वळवळले, तर ते तीनांपैकी एक असू शकते.

गांडूळ असेल, तर त्याला हाडे नाहीत, जबडा नाही, डोळे नाहीत. वाळा असेल, तर तो खरा साप आहे, पण बिनविषारी. अंग कोरडे, चकचकीत, बारीक खवल्यांचे. आणि देवगांडूळ असेल, तर अंग ओलसर, वळ्यावळ्यांचे, आत पाठीचा कणा, तोंडात जबडा आणि दात. डोळे अगदी अंधूक, काहींचे कातडीखाली किंवा हाडाखाली झाकलेले. डोळा आणि नाकपुडी यांच्या पट्ट्यात एक बारीक मिशीसारखा अवयव असतो, त्याने तो अंधारात चाचपतो. काही जातींत मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून त्यांची राखण करते. तिघेही निरुपद्रवी, तिघेही माती भुसभुशीत करणारे किंवा किडामुंगी खाणारे.

पण लोक काय करतात? 'साप, साप' म्हणून फावडे घालतात. लिनिअस यांनी १७५८ साली केलेली चूक आपण आजही काठीने करतो. सातारा जिल्ह्यात कोयनेजवळच्या हुंबरळी गावातून देवगांडुळाची एक जात २००४ साली जगासमोर आली आणि तिच्या नावात महाराष्ट्राचे नाव गुंफले गेले. त्याआधी २००३ साली आंबोलीच्या एका जातीला मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेतले जे. सी. डॅनियल यांचे नाव दिले गेले. ज्या जिवाच्या नावात आपल्या राज्याचे नाव आहे, तो आपल्याच फावड्याखाली जावा, हे बरे नव्हे.

धोंडी आणि पाऊस

आमच्या दुष्काळी भागात पाऊस लांबला की धोंडी काढण्याची चाल होती. काही गावांत अजूनही निघते. अंगाला लिंबाचा पाला बांधायचा, बेडूक काठीला किंवा मुसळाला टांगायचा, दारोदार फिरायचे, बायांनी वरून पाणी ओतायचे. कुठे तर बेडकांचे लग्नही लावतात. मागणी खरी असते, तहानही खरी असते. पण टांगलेला बेडूक उन्हात कातडी सुकून मरतो आणि ढग काही हलत नाहीत.

इथे कार्य आणि कारण यांची उलटापालट झाली आहे. बेडूक ओरडतो म्हणून पाऊस येत नाही. पाऊस येतो, हवेत ओल भरते, म्हणून बेडूक ओरडतो. पाण्याची मागणी करायची तर ती ग्रामसभेत करावी, पाझर तलावाच्या गाळाची करावी, ओढ्याच्या बांधाची करावी. बेडकाच्या हाती पाटबंधारे खाते नाही.

नुकसान कोणाचे?

कोणी म्हणेल, बेडूक राहिला काय, गेला काय, आमची चूल पेटायची थांबते का? थांबत नाही, पण जड होते. बेडूक रोज रात्री किडे खातो, त्याची मजुरी कोणी देत नाही. एके काळी आपल्या देशातून बेडकांचे पाय गोठवून परदेशांतल्या मेजवान्यांना पाठवले जात. पावसाळ्यात भाताच्या खाचरांतून बेडूक पोत्यांनी धरले जात. शेवटी १९८७ साली सरकारने ही निर्यात बंद केली. बेडूक गेला की कीड वाढते, आणि कीड मारायला औषध विकत आणावे लागते. ते उधारीवर येते. फवारणी करणारा बहुधा मजूर असतो, ज्याच्या हातात मोजे नसतात आणि तोंडाला फडके असते. तेच औषध वाहून ओढ्यात जाते आणि बेडकाच्या पातळ कातडीतून आत शिरते. म्हणजे विष आधी कोणाला बाधते? ज्याच्या अंगावर आवरण नाही त्याला, मग तो बेडूक असो की मजूर.

२०२३ साली जगभरातल्या अभ्यासकांनी उभयचरांचा हिशोब मांडला, तेव्हा शंभरांतल्या सुमारे एकेचाळीस जाती धोक्यात निघाल्या. पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्यापेक्षाही हे प्रमाण जास्त आहे. जंगल तुटणे, पाणी बिघडणे, हवामान बदलणे ही कारणे तर आहेतच; शिवाय कातडीला लागणाऱ्या एका बुरशीने जगात पाचशेच्या वर जातींची संख्या घटवली आणि नव्वद जाती नाहीशा केल्या, असा निष्कर्ष २०१९ साली निघाला.

घरी काय करता येईल?

बेडूक घरात आला तर मीठ टाकू नका. मिठाने त्याची कातडी अक्षरशः भाजते. सुपलीत किंवा ओल्या फडक्यात धरून बाहेर सोडा, नंतर हात धुवा. प्लॅस्टिक घातलेल्या शेततळ्यात पडलेला जीव घसरड्या कडेने वर येऊ शकत नाही. एका बाजूला जुना गोणपाट किंवा जाड दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवा. त्याने बेडूकच नव्हे, कोंबडी, मांजर, प्रसंगी मूलही वाचेल. डबक्याला पोरे दगड मारीत असतील तर रागावू नका, त्यांना बेडूकमाशाचे पाय कसे फुटतात ते रोज दाखवा. दगड आपोआप हातातून सुटेल.

आणि एक वही करा. जुन्या वर्षाची रोजनिशी चालेल. पाऊस पडल्याची तारीख, आवाज कुठून आला, किती प्रकारचा आला, कोणता बेडूक दिसला, एवढेच लिहा. धरायची गरज नाही. रात्री बाहेर पडताना मोठ्या माणसाने सोबत जावे, हातात बॅटरी आणि पायात चप्पल नव्हे, बूट असावा. कारण बेडकामागे सापही येतो. साप चावलाच तर मांत्रिकाकडे नव्हे, थेट सरकारी दवाखान्यात जावे.

पावसाळ्यात भिक्खूंनी फिरती थांबवून एका जागी राहावे, हा वर्षावासाचा नियम आपल्याला ठाऊक आहे. ओल्या वाटेवर पायाखाली लहान जीव तुडवले जाऊ नयेत, हे त्याचे एक कारण विनयात सांगितले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्यांनी पावसातल्या लहान जिवांची दखल घेतली, त्यांच्या वाटेने जाणाऱ्यांना वहीत चार ओळी लिहिणे जड जाऊ नये.

यंदाच्या पावसात पोराने विचारले, हे काय ओरडते, तर नुसते 'बेडूक' म्हणून गप्प बसू नका. विचारा, कोणता?